कोरोनाचे पेशंट रोज मोजले, मग आत्महत्या दीड-दोन वर्षांनी का?

मा. संपादक साहेब,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कोरोना आणि मानसिक आरोग्य यावर अख्खं पान दिलं होतं, ते वाचलं. चांगलं होतं, म्हणजे लिहिलेलं चांगलं होतं. लॉकडाऊनमध्ये माणसं एकटी पडली, घरात कोंडली गेली, भीती बसली, झोप उडाली, आणि मग उपाय काय तर मोबाईल कमी बघा, सकाळी चाला, प्राणायाम करा, मित्राला फोन करा. यातलं काहीच खोटं नाही. पण मी इचलकरंजीत महा ई-सेवा केंद्र चालवतो, आमच्याकडं त्याला सगळे सेतूच म्हणतात, आणि माझ्या टेबलापुढं त्या दोन-तीन वर्षांत जी माणसं बसून गेली त्यातलं एकही माणूस त्या पानावर मला दिसलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची तर करा पण आकडे तेवढे कापू नका.

आधी आकडेच सांगतो, कारण या विषयावर जो तो अंदाजानं बोलतो. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी देशातल्या आत्महत्यांचा अहवाल काढतो. त्यात २०१८ ला १,३४,५१६ आणि २०१९ ला १,३९,१२३ अशी नोंद आहे, म्हणजे कोरोनाच्या आधीपण आकडा वाढतच होता, वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांनी. २०२० ला तो एकदम १,५३,०५२ झाला, दहा टक्के वाढ. २०२१ ला १,६४,०३३. २०२२ ला १,७०,९२४. आणि २०२३ ला १,७१,४१८. वाढीचा वेग कमी झाला हे खरं, पण आकडा २०१९ वर परत आला का? नाही आला. कोरोना गेला, मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या अडगळीत गेल्या, आणि हे बत्तीस हजार जास्तीचे मृत्यू मात्र दरवर्षीचे होऊन बसले. लोकसंख्या वाढली म्हणून आकडा वाढला असंही म्हणता येत नाही, कारण लाखामागचं प्रमाणसुद्धा १०.४ वरून १२.३ वर गेलंय.

आता महाराष्ट्राचं बघा, कारण इथं एक गोष्ट आहे जी तुमच्या पानावर यायला हवी होती. २०१९ ला आपल्या राज्यात १८,९१६ आत्महत्या, २०२० ला १९,९०९ आणि २०२१ ला २२,२०७. म्हणजे ज्या वर्षी सगळं जग बंद पडलं, थाळ्या वाजवल्या, रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, त्या वर्षी वाढ हजाराच्या आसपास. आणि मोठी उडी, तेवीसशेची, दुसऱ्या वर्षी. निव्वळ भीती आणि एकटेपणा हेच कारण असतं तर पहिल्याच वर्षी जास्त वाढायला पाहिजे होतं ना, कारण भीती खरी पहिल्या वर्षीच होती, दुसऱ्या वर्षी तर लोक लग्नाला जात होते.

मला यात जे दिसतं ते सांगतो, मी काय डॉक्टर नाही पण कागद रोज बघतो. पहिल्या वर्षी माणसाकडं थोडं काहीतरी शिल्लक होतं. भिशीचे पैसे होते, बायकोचा दागिना होता, मालकाकडून उचल मिळत होती, गल्लीतली पोरं धान्याची किट वाटत होती, आणि रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली होती. व्याज चालूच होतं ही गोष्ट वेगळी, ते बऱ्याच जणांना नंतर कळलं. पण निदान वसुलीवाला दारात उभा नव्हता. दुसरी लाट आली तेव्हा दागिना आधीच गहाण, भिशी मोडलेली, आणि हप्त्याला सरसकट सवलत अशी नाहीच. एप्रिल २०२१ ला सरकारनं निर्बंध लावताना १५०० रुपये जाहीर केले, नोंदणी असलेले बांधकाम कामगार, घरकामगार, परवानावाले रिक्षावाले, फेरीवाले यांना. लोक माझ्याकडं यायचे, आमचं नाव हाय का बघा. यंत्रमाग कामगाराचं नाव त्या यादीत नव्हतं. लाखाच्या वर माग असलेल्या गावात बसून मी लोकांना नाही, नाही, नाही एवढंच सांगत होतो. त्यात जुलै २०२१ ला पंचगंगेचा पूर, २०१९ च्या पुराचं अजून निस्तरलं नव्हतं तोवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागावरच्या माणसाची मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर असते, जेवढं कापड विणलं तेवढे पैसे, माग बंद म्हणजे पैसे बंद. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारे जॉबर, सुताला खळ देणारे सायझिंगवाले, सगळ्यांचं तेच. आणि खर्चीवाला म्हणून एक वर्ग आहे आमच्याकडं, स्वतःचे चार-आठ माग असलेला पण सूत दुसऱ्याचं, तो दुसऱ्याला कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. सरकारी कागदावर हा माणूस उद्योजक, मागासाठी कर्ज काढलेलं, वीजबिल थकलेलं, आणि कुठल्याच मदतीत बसत नाही कारण तो गरीब नाही. गरीब नाही कसा, माझ्याकडं उत्पन्नाचा दाखला काढायला आला की खरं उत्पन्न सांगायला लाजायचा.

एनसीआरबीच्या अहवालात हे दिसतं, फक्त बघायला पाहिजे. रोजंदारीवाल्यांच्या आत्महत्या २०१९ ला ३२,५६३, २०२० ला ३७,६६६, २०२१ ला ४२,००४. व्यापारी-धंदेवाले २०१९ ला ९,०५२ आणि पुढच्याच वर्षी ११,७१६. २०२० मध्ये देशात ज्या जवळपास चौदा हजार आत्महत्या वाढल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त या दोनच रकान्यांत आहेत, हवं तर कॅलक्युलेटर घेऊन बसा. त्यात विद्यार्थी मिळवा, १०,३३५ वरून १२,५२६, की जवळपास सत्तर टक्के वाढ इथंच संपते. विद्यार्थ्यांचं तर आपण डोळ्यानं बघितलंय, मार्च २०२१ ला एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढं ढकलली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती, आठवतंय का. वय निघून चाललेलं, खोलीचं भाडं थकलेलं, गावाकडं सांगायचं काय.

मग या सगळ्यांना प्राणायाम सांगायचा? सांगा, पण आधी वसुलीवाल्याचं काय ते सांगा.

इथं एक स्पष्ट करतो, नाहीतर मानसोपचारवाले डॉक्टर माझ्यावर चिडतील. मनाचा आजार नसतोच, सगळा पैशाचाच खेळ आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. तेवढंच कर्ज असलेली शंभर माणसं असतात आणि त्यातली नव्व्याण्णव कशीतरी तरून जातात, एखाद्याच्या आत काय चाललेलं असतं ते घरच्यांनाही कळत नाही, तिथं डॉक्टर लागतोच, गोळी लागते, बोलायला माणूस लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की कोरोनाच्या पहिल्याच वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंतेचे आजार २५ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडं लाख माणसांमागं एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, मग हा वाढलेला २५ टक्के कुठं गेला असेल? काही दारूत गेला, काही देवऋषाकडं, आणि बराचसा घरातच गप बसून राहिला.

पण आजार वाढले की आत्महत्या वाढतातच असंही नाही, आणि हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री नावाच्या वैद्यकीय मासिकात २०२१ ला २१ देशांचा अभ्यास आला होता, त्यात सुरवातीच्या महिन्यांत बहुतेक ठिकाणी आत्महत्या वाढलेल्या नव्हत्या, काही ठिकाणी तर कमी झाल्या होत्या. ते देश बहुतेक श्रीमंत किंवा बऱ्यापैकी खातेपिते. अमेरिकेत २०२० ला आकडा आदल्या वर्षापेक्षा कमी झाला आणि २०२१ ला परत वाढला. म्हणजे भीती होती, एकटेपणा होता, नैराश्य होतं, तरी माणसं टिकली, निदान तेव्हापुरती. का टिकली यावर तज्ज्ञ लोक भांडत बसतील, पण घरबसल्या खात्यात पैसे आले ही गोष्ट त्यात नसेल असं मला तरी वाटत नाही.

आणि उलटंही झालंय. हाँगकाँगमध्ये २००३ ला सार्सची साथ आली तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या आत्महत्या वाढल्या, खास करून बायकांच्या, आणि साथ संपल्यावर पुढच्या वर्षी त्या लगेच जुन्या पातळीवर आल्या नाहीत. म्हणजे साथ संपते तेव्हा हा भाग संपत नाही हे जगाला कोरोनाच्या कितीतरी वर्षं आधीपासून माहीत होतं.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. जपानमध्ये २०२० ला आत्महत्या ११ वर्षांत पहिल्यांदा वाढल्या, २१,०८१ झाल्या. पुरुषांच्या थोड्या कमी झाल्या आणि बायकांच्या वाढल्या, हॉटेल-दुकानांतली कच्ची कामं करणाऱ्या बायकांचं काम आधी गेलं हे त्याचं एक कारण सांगतात. पण हे त्यांना कधी कळलं? लगेच. कारण जपानचे पोलीस दर महिन्याला आत्महत्यांचा आकडा जाहीर करतात. ऑक्टोबर २०२० मध्ये बायकांच्या आत्महत्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा ८० टक्क्यांच्या वर गेल्या हे त्यांना नोव्हेंबरात समजलं, टीव्हीवर आलं, आरडाओरडा झाला, आणि फेब्रुवारी २०२१ ला एकटेपणा या विषयाला वेगळा मंत्री नेमला गेला. मंत्री नेमून काय दिवे लागले ते जपानी लोकांनी बघावं, पण आकडा वेळेवर आला म्हणून निदान काहीतरी हललं.

आपल्याकडं? २०२० चा आकडा ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी आला. २०२२ चा डिसेंबर २०२३ ला. २०२३ चा यायला २०२५ चा सप्टेंबर संपत आला. म्हणजे २०२० च्या उन्हाळ्यात देशात काय चाललंय हे आपल्याला कळेपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती, ज्या २०२१ मध्ये महाराष्ट्राची सगळ्यात मोठी वाढ झाली ते वर्ष संपत आलं होतं. आणि याच काळात कोरोनाचे पेशंट आपण कसे मोजत होतो आठवा, रोज संध्याकाळी जिल्ह्याचा, तालुक्याचा, वॉर्डाचा आकडा मोबाईलवर. मोजायची ताकद नव्हती असं कुणी म्हणू नये.

केरळनं तर करून दाखवलं होतं. तिथं जुलै २०२० मध्येच मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की लॉकडाऊन लागल्यापासून राज्यात १८ वर्षांखालच्या ६६ मुलांनी आत्महत्या केल्या, आणि लगेच कारणं शोधायला समिती आणि मुलांसाठी फोनवर समुपदेशन सुरू केलं. चार महिन्यांच्या आत. आकडा बाहेर आला तर सरकारची बदनामी होईल ही भीती त्यांनाही असणारच.

केरळ कशाला, आपल्याच महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांचा आकडा महसूल खातं ठेवतंच. अमरावती विभागात या महिन्यात इतक्या, मराठवाड्यात इतक्या, पात्र इतक्या अपात्र इतक्या, हे तुमच्याच पेपरात येतं. त्या पात्र-अपात्रच्या भानगडीबद्दल मला काय वाटतं ते लिहिलं तर दुसरं पत्र होईल, पण निदान मोजतात तरी, आणि मोजतात म्हणून विधानसभेत प्रश्न विचारला जातो. मागवाल्याचा, हमालाचा, पानटपरीवाल्याचा, क्लासच्या पोराचा असा आकडा कुठल्याच आमदाराच्या हातात नसतो, मग तो विचारणार काय?

मोजण्यातून माणसं कशी सुटतात याचं मी बघितलेलं एक सांगतो. कोविडनं मयत झालेल्यांच्या वारसांना ५० हजाराची सानुग्रह मदत होती, त्याचे ऑनलाईन अर्ज आम्हीच भरत होतो. केंद्रानं सुरवातीला जे नियम केले त्यात आत्महत्या बसत नव्हती. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२१ मध्ये याचा परत विचार करा म्हणून सांगितलं, आणि मग ऑक्टोबरच्या आदेशात आलं की पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत आत्महत्या केली असेल तर वारसाला मदत मिळेल. ही गोष्ट किती लोकांना माहीत झाली देव जाणे. माझ्याकडं एक बाई आल्या होत्या, बरोबर दीर होता, तोच बोलत होता. मी विचारलं दादा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता का. तर नाही. माग बंद होता ओ, तो म्हणाला. आता पोर्टलवर रिपोर्टची तारीख टाकायची जागा होती, माग बंद पडल्याची तारीख टाकायची जागा नव्हती. वहिनी काहीच बोलल्या नाहीत, झेरॉक्सचे पैसे देऊन गेल्या, मी नको म्हणत होतो तरी.

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण त्या माणसाचा मृत्यू कोरोनाच्या खात्यावर लागला नाही, आणि एनसीआरबीच्या खात्यावर कुठल्या कारणाखाली लागला असेल? तिथं एका मृत्यूला एकच कारण. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, घरच्यांना विचारतात काय झालं होतं, घरचे त्या अवस्थेत काय सांगणार, घरात कटकट होती म्हणतात. झालं, कौटुंबिक समस्या. २०२० मध्ये तेहतीस टक्क्यांच्या वर आत्महत्या याच एका कारणाखाली आहेत. कटकट कशावरनं होती तर पैशावरनं, आणि पैसे का नव्हते तर माग बंद, पण कागदावर घरातलं भांडण.

आणि साहेब, आता थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. जून २०२० ला एका नटाचा मृत्यू झाला आणि पुढं कितीतरी महिने टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, पेपरही फार मागे नव्हते. कशानं केलं, कुठं केलं, खोली कशी होती, सगळं. प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्येच सांगितलं होतं की आत्महत्येची बातमी ठळक छापू नका, पद्धत सांगू नका, फोटो छापू नका. ते काय उगीच नाही, व्हिएन्नामध्ये १९८७ ला पेपरवाल्यांनी ठरवून मेट्रोतल्या आत्महत्यांच्या रंगीत बातम्या बंद केल्या आणि तिथल्या आत्महत्या लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या होत्या. तुमच्या पेपरात परवाच आतल्या पानावर मथळ्यातच पद्धत छापलेली होती, आणि खाली हेल्पलाईनचा नंबरसुद्धा नाही. एका ओळीची जागा लागते फक्त. १४४१६, टेली मानस, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी माझ्या केंद्राच्या काचेवर चिकटवलाय, आधार आणि पॅनच्या रेटच्या शेजारी. लोक विचारतात हे कशाचं, मी सांगतो झोप लागत नसली, डोक्यात काय काय यायला लागलं तर इथं फोन लावा, नाव सांगायची सक्ती नाही. काही जण हसतात, काही जण हळूच मोबाईलनं फोटो काढून घेतात.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण आणलं, २०३० पर्यंत आत्महत्या दहा टक्क्यांनी कमी करायच्या म्हणून. चांगलंच आहे. पण ज्या आकड्यावरनं हे ठरणार तोच दोन वर्षं उशिरा आला तर २०३० ला काय झालं ते आपण २०३२ ला वाचणार. उद्या दुसरी साथ आली, किंवा साथ नाही आली आणि नुसतं सुताचा दर पडला, तरी आमच्या गावात पुढच्या दोन महिन्यांत काय होतंय हे कुणालाही आधी कळणार नाही, ना डॉक्टरला ना कलेक्टरला.

तर माझी विनंती तुम्हाला आहे, सरकारला पत्रं लिहून मी दमलोय. तुमचा जिल्ह्याचा बातमीदार दर महिन्याला एसपी ऑफिसला जातोच, घरफोडी किती, अपघात किती, मटक्याच्या केसेस किती हे आणतोच. त्याला एक रकाना वाढवायला सांगा. जिल्ह्यात या महिन्यात आत्महत्या किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती होत्या, त्यात रोजंदारीवाले किती, बायका किती, विद्यार्थी किती. नाव नको, गाव नको, फोटो नको, पद्धत तर नकोच. नुसता आकडा आणि खाली १४४१६. देत नाहीत म्हणाले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आमच्या सेतूत भरून देतो, दहा रुपयाचं तिकीट माझ्याकडून.

आपला,
एक सेतूवाला, इचलकरंजी
(नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाईक सगळ्या पक्षांचं आहे)